शर्ट हारूनचा, कान दुसऱ्याचा

२००७च्या जूनमध्ये वादळ मस्कतवरून गेलं आणि सफियाचा धाकटा भाऊ हारून जवळच्या कुरियात गावातल्या कामावरून परतलाच नाही. त्याचा फोन लागेना, रस्ते वाहून गेलेले. दाभोळहून आई सारखी विचारायची, "काय कळला का गो?" सफिया "इन्शाल्ला" म्हणायची आणि मस्कतच्या अल खौद भागातल्या घरात मशीनवर बसून घातलेली शिवण पुन्हा उसवायची.

मग पोलिसांनी बोलावलं. वादीत, एरवी कोरड्या असणाऱ्या नदीपात्रात, एक मृतदेह सापडला होता आणि शर्टाच्या खिशावर हारूनचं नाव होतं. ते सफियानेच भरलं होतं. पाण्याने चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता, बोटांचे ठसेही उरले नव्हते.

शवागारातले डॉक्टर चंद्रशेखर पुण्याचे. त्यांनी विचारलं, "ताई, भावाचा कान नीट दिसेल असा फोटो आहे?"

निकाहातला एक होता, बाजूने काढलेला. डॉक्टर तो घेऊन आत गेले. सफियाला बाकावर बसवेना. दारापर्यंत जायची, परत फिरायची.

"तुमच्या भावाच्या कानाची पाळी गालाला चिकटलेली आहे," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले. "याची सुटी आहे, कानाची वरची कडही वेगळी वळते. नुसत्या कानावरून हा कोण ते मी सांगणार नाही. पण हा हारून नव्हे."

तिच्या जिवात जीव आला, पण तेवढ्यापुरताच. आत कुणाचा तरी भाऊ पडलाच होता.

रस्ता आणि फोन सुरू झाल्यावर हारूनचा फोन आला. तो कुरियातच्या मशिदीत अडकला होता. सफिया रडली, आणि लगेच म्हणाली, "तुझा शर्ट कुणाकडे होता?"

हारून म्हणाला, "जिब्रानला दिला होता. नवीन आलेला, म्हसळ्याचा. त्याला युनिफॉर्म मिळाला नव्हता. का?"

तिने सांगितलं. जिब्रानच्या घरी फोन करणं हारूनच्याने होईना. सफियानेच केला. फोन त्याची बायको अफशीन हिने घेतला.

"त्यांचा कान दिसेल असा फोटो आहे का?"

"कान? कान कशाला?"

 सफियाला खोटं सांगवेना, खरं जिभेवर येईना. शेवटी म्हणाली, "घरात मोठं कुणी असलं तर त्यांना फोन दे, बाय."

फोटो आला, कान जुळला. पुढे जिब्रानच्या वडिलांच्या रक्ताच्या तपासणीने खात्री झाली. दफनाला हारून गेला.

त्यानंतर किती तरी दिवस सफिया दुकानात, बसमध्ये माणसांच्या कानांकडेच बघत राहायची. आपण बघतोय हे लक्षात आलं की ओढणी सावरून नजर वळवायची.