लांब रस्सा

हॉटेलात वेटरांचा कॅप्टन म्हणून दिवसभर उभं राहिलं की पाय दुखतात आणि किस्से साठतात. पायांना बाम चोळता येतो, किस्से मात्र कुणाला तरी सांगावेच लागतात!

आमचं हॉटेल बेळगावहून सांबऱ्याच्या विमानतळाकडे जाताना लागतं. मटणाचं ताट, तांबडा-पांढरा रस्सा आणि मागच्या बाजूला बार. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांचा मुलगा सुनील इटलीत हॉटेलचा कोर्स करून आला आणि आल्या आल्या त्यानं इटालियन वाईनची खोकी मागवली.

अण्णा म्हणाले, "गणपतीपतोर संपली तर काउंटर तुझं. न्हाय संपली तर निपाणीला मामाच्या तंबाखूच्या वखारीत बसायचं!"

नुसत्या वासावरून वाईन ओळखणारं ते नाक आणि तंबाखूची वखार! पोराचा चेहराच उतरला. मला तर त्याची खरंच दया आली.

*

सुनीलनं आम्हाला ट्रेनिंग दिलं. "लांब्रुस्को! द्राक्षाचं नाव तेच, वाईनचं नावही तेच. इटलीत एमिलिया-रोमान्या म्हणून भाग आहे, तिथं मोडेना गावाच्या आसपास होते. लाल, फेसाळ. थंडच द्यायची. सोबत हॅम, सॉसेज, जुनं चीज."

आमचा जुना वेटर बसाप्पा घरी कन्नड बोलणारा. त्यानं मन लावून पाठ केलं, "लांब रस्सा."

"रस्सा नाही, रुस्को!"

"हौद्री मालक. रस्सा!"

*

पहिलं गिऱ्हाईक खानापूरकडचं. बसाप्पानं सांगितलं, "आप्पा, तांबडा हाय, पांढरा हाय, आनी आता लांब रस्सा बी आलाय."

"लांब म्हंजे?"

"लांबनं आलाय की! इटलीसनं!"

लगेच ऑर्डर आली. पण पहिल्याच घोटाला आप्पा ओरडले, "रस्सा गार? गरम करून आण रं!"

बसाप्पानं गरम करून आणला. वर कोथिंबीर घालून! सुनील काउंटरवरून बघत होता, तो मटकन खाली बसला.

*

श्रावणात खडेबाजारचे एक कापडवाले आले. त्यांनी सुनीललाच विचारलं, "श्रावण पाळतोय मी. ह्या लांब रश्शात कांदा-लसूण न्हाय न्हवं?"

सुनील कितीतरी दिवसांनी हसला. "अजिबात नाही, काका! निव्वळ द्राक्षं!"

काकांनी ग्लास बाजूला सरकवला. "मग ह्याला रस्सा कशाला म्हंता?"

*

हळूहळू सुनीलनं चीजचा नाद सोडला. मटणाच्या तुपकटपणावर ही वाईन झकास जाते, असं तोच सांगायला लागला. खपही वाढला, खोकी रिकामी व्हायला लागली.

तेवढ्यात रोजच्या एका कॉन्ट्रॅक्टरनं ग्लासातली वाईन सरळ तांबड्या रश्शाच्या वाटीत ओतली.

सुनील धावत गेला आणि त्यानं त्याचा हात धरला. "अहो, हे पाप आहे! इटलीत केलंत तर हाकलून देतील!"

"लांब रस्साच हाय की! रश्शात रस्सा वतला!"

सगळं हॉटेल हसलं, अण्णाही हसले. सुनील इतका चिडला की सगळ्यांसमोर बोलून गेला, "अण्णा, एक तरी इटालियन माणूस असं करताना दाखवा, मी स्वतः निपाणीला जातो!"

*

गणपतीच्या आदल्या दिवशी एकच बाटली उरली होती. दुपारी विमानतळावरून एक गोरा पाहुणा आला, कुठल्याशा कारखान्यात मशीन बसवायला निघालेला. बसल्या बसल्या छातीवर हात ठेवून म्हणाला, "मोडेना!"

सुनीलच्या डोळ्यांत पाणीच आलं. लांब्रुस्कोच्या गावचा माणूस! शेवटची बाटली त्यानं स्वतः उघडली, बर्फातली, थंडगार. पुढं मटणाचं ताट मांडलं आणि अण्णांना हाक मारली, "या, बघा आता कशी पितात ते!"

पाहुण्यानं बाटलीकडं बघितलं. तांबड्या रश्शाचा वास घेतला. मग घरच्या सवयीनं अर्धा ग्लास वाईन वाटीत ओतली, दोन्ही हातांनी वाटी तोंडाला लावली आणि डोळे मिटून संपवली. मग दुसरी वाटी मागितली, तिच्यातही तेच. असं करत करत बाटली संपली!

सुनील अण्णांकडं बघत होता. अण्णा कधी रिकाम्या बाटलीकडं, तर कधी पुसून काढल्यासारख्या वाटीकडं बघत होते. शेवटी ते म्हणाले,

"बसाप्पा, काउंटरची किल्ली सुनीलला दे. आनी निपाणीची बस किती वाजता हाय, ते बी इचारून ये!"