भिडस्तरावांचा आकडा

अकॉर्डियन गळ्यात असलं की भिडस्तराव वाघ असायचे. परक्या माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये बेधडक पुढे यायचे, विनोद सांगायचे, पहिल्या रांगेत जांभया देणाऱ्यांची टर उडवायचे. भाषण संपवायचं नावच घेत नसलेल्या एका पाहुण्याला तर त्यांनी एकदा मध्येच लांबलचक सूर लावून खाली बसवलं होतं. पण कार्यक्रम ठरवायच्या वेळी, म्हणजे अकॉर्डियन घरी पेटीत असताना, समोरच्याने "मग तुमचं काय द्यायचं?" असं विचारलं, की त्यांची दातखीळ बसायची. कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. स्वतःच्या बुटांकडे बघत ते म्हणायचे, "समजून द्या." समोरचा तितक्याच नम्रपणे म्हणायचा, "यंदा जरा समजून घ्या." आणि या देण्याघेण्याच्या समजुतीत पैसे कुठे जायचे ते कुणालाच समजायचं नाही.

भिडस्तराव हे नाव त्यांना बायकोने ठेवलं होतं आणि ते इतकं चपखल बसलं की पोस्टमनसुद्धा त्याच नावाने विचारत यायचा. या भिडेचं मूळ शोधायला फार खोल जायला नको. लहानपणी आईने शिकवलं होतं, लोकांच्या घरी "आणखी वाढू का?" म्हटलं की "पुरे" म्हणायचं. बाकीच्या मुलांनी भूक लागली तशी ही शिकवण सोडून दिली. हा मुलगा पन्नाशी ओलांडून गेला तरी "पुरे" म्हणतच होता.

बँड तिघांचा. अकॉर्डियनवर स्वतः भिडस्तराव, ट्रंपेटवर बायकोचा धाकटा भाऊ आणि ड्रमवर ड्रमवाला. वाजवायचे झकास, त्याबद्दल दुमत नाही. कमाईचं मात्र विचारू नका. रंगाच्या दुकानदाराने पैशांऐवजी खपत नसलेला रंग दिला, त्यामुळे भिडस्तरावांची मोरी जांभळी झाली आणि अजून जांभळीच आहे. सलूनवाल्याने फुकट हजामतीची कुपनं दिली. ट्रंपेटवाल्या मेहुण्याला टक्कल आहे. कहर केला तो दंतवैद्याने. दवाखान्याच्या उद्घाटनाला तिघं घाम गाळून वाजवत होते आणि मोबदला म्हणून त्याने तिघांचे दात फुकट तपासून दिले. तपासता तपासता त्याला मेहुण्याचा पुढचा दात हलताना दिसला. तोही त्याने फुकट काढला. त्यानंतर कितीतरी दिवस त्या ट्रंपेटमधून नुसता वारा येत होता.

हे सगळं ड्रमवाल्याने मुकाट्याने सोसलं. तो मुळातच कमी बोलणारा. जे काही सांगायचं ते काठ्यांनी सांगून मोकळा व्हायचा. पण मागच्या कार्यक्रमानंतर आयोजकांनी टाळ्यांच्या गजरात तिघांत मिळून एक पुष्पगुच्छ दिला आणि हॉलच्या पायऱ्या उतरताना त्याला कंठ फुटला.

"मला नोकरी मिळतेय," तो म्हणाला. "गोदामात, रखवालदाराची. पगार ठरलेला आहे."

"अरे वा," भिडस्तराव म्हणाले, कारण चांगली बातमी ऐकली की अरे वा म्हणायचं हेही आईनेच शिकवलं होतं. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे बँड?"

"पुढच्या कामाचा आकडा तू स्वतःच्या तोंडाने सांगायचास. वाजवायच्या आधी. मी समोर उभा राहून ऐकणार. सांगितलास तर मी आहे. नाहीतर चाललो."

"अरे, पैशासाठी एवढं..."

"पैशाचं नाही रे. तू मागत नाहीस ना, तेव्हा मला वाटतं, आपलं वाजवणं फुकटातलं आहे असं तुलाच वाटतंय."

एवढं बोलून तो ड्रम खांद्यावर घेऊन निघून गेला. पुष्पगुच्छ भिडस्तरावांच्या हातात राहिला. इतकी वर्षं गाणं सुरू व्हायच्या आधी ते मान वळवून मागे बघायचे, ड्रमवाला डोळ्याने खूण करायचा, आणि मगच त्यांची बोटं हलायची. तो तिथे नसला तर गाणं सुरू कुठून करायचं हेच त्यांना कळलं नसतं. आणि इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी त्याला एकदाही सांगितली नव्हती. अशा गोष्टी सांगायलाही भीड वाटते.

पुढचं काम आलं ते गाद्यांच्या नव्या दुकानाचं. उद्घाटनाच्या संध्याकाळी तासभर वाजवायचं होतं. बोलणी करायला दुकानात या, असा निरोप आला.

बायकोने तालमीची सूत्रं हाती घेतली. घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम चालायचं. एका बाजूला मशीन, दुसऱ्या बाजूला उसवायच्या आणि आखूड करायच्या कपड्यांचा ढीग. गिऱ्हाईक आत आलं की ती मान वर न करता दर सांगायची, आणि सांगितलेला दर खाली आणायची कुणाची छाती नव्हती.

"माझ्या तोंडात टाचण्या असतात तरी मी भाव सांगते," ती म्हणाली. "तुमच्या तोंडात काय आहे?"

"काही नाही," भिडस्तराव कबूल झाले.

"मग म्हणा. तिघांचे बारा हजार. मी गादीवाला. बोला, काय घेणार?"

"बा..." भिडस्तरावांनी सुरुवात केली.

"हं."

"बा... बाकी काय म्हणताय? घरी सगळे बरे?"

बायकोने कपाळाला हात लावला. "पुन्हा."

"बारा..."

"हं! पुढे?"

"बारा वाजले वाटतं. निघायला हवं."

मेहुणा कपड्यांच्या ढिगावर पडून हसत होता. त्याला दटावून तिने तिसऱ्यांदा प्रयत्न करवला. या खेपेला "बारा"चं मध्येच "बरं, राहू द्या" झालं. तिने सरळ सांगून टाकलं, की ह्या माणसाने कधी शिवणाचं दुकान काढलं असतं तर लोक कपडे शिवून घेऊन वर दोन पडदे घेऊन गेले असते.

तेव्हा मेहुण्याला सुचलं. "ताई, भाऊजींना अकॉर्डियन घालून बघू या का?"

घातलं. पट्टे खांद्यावर चढले, पाठ ताठ झाली, हनुवटी वर आली. "तिघांचे बारा हजार!" भिडस्तराव असे कडाडले की शेजारच्या घरातून कुणीतरी "कशाचे?" म्हणून ओरडलं.

प्रश्न सुटला. दुसऱ्या दिवशी भरबाजारातून, गळ्यात अकॉर्डियन घालून, भिडस्तराव बोलणी करायला निघाले. लोक वळून बघत होते. एकाने थांबवून फर्माईशही केली. मागे दहा पावलांवर हातांची घडी घालून ड्रमवाला चालला होता. मेहुण्याला मात्र मुद्दाम घरी ठेवलं होतं, कारण तो नको तिथे हसतो.

दुकानात नव्या फोमचा वास भरून राहिला होता. गाद्यांवरचं प्लॅस्टिक अजून निघालं नव्हतं. गादीवाला गोल, गुळगुळीत आणि बोलायला अतिशय गोड होता. त्याच्या जुन्या दुकानात खुर्ची नव्हती, इथेही नव्हती, आणि ते काही विसरल्यामुळे नव्हे. घासाघीस करायला आलेल्या माणसाला तो "या, बसा ना" म्हणत दुकानातल्या सगळ्यात मऊ गादीवर बसवायचा. कमरेपर्यंत रुतलेला माणूस ताठ्याने भाव करू शकत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

भिडस्तराव बसले आणि बसतच गेले. गुडघे वर आले, पाठ मागे गेली, आणि डोळे उघडून बघतात तो समोर छत. छातीवर अकॉर्डियनचं ओझं. ड्रमवाला भिंतीला टेकून बघत उभा राहिला.

"मास्तर, काय आहे," गादीवाला गोडीत म्हणाला, "आमच्याकडे गिऱ्हाईक झोपून गादी बघतं. तेव्हा तुम्ही अगदी हळू वाजवायचं. आता आवाज निम्मा म्हटल्यावर पैसेही निम्मेच, नाही का? चार हजार देतो."

खरं सांगायचं तर भिडस्तराव "चालेल" म्हणणार होते. पण आडवं पडून चालेल म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून ते कोपरावर जोर देऊन उठायला गेले. अकॉर्डियनचा भाता बांधून ठेवायचा पट्टा कधीचा तुटलेला. भाता एका अंगाला लोंबकळत उघडला, पंजा सुरांच्या पट्ट्यांवर पडला आणि दुकानभर आवाज घुमला, "भोंऽऽऽ!"

अडलेल्या म्हशीचाच आवाज तो. गादीवाला दचकून मागे सरला.

"रागावू नका हो. पाच घ्या."

भिडस्तरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नाही हो, तसं नाही," असं ते म्हणणार होते. त्यातलं "नाही" तेवढं बाहेर पडलं आणि बाकीच्यावर पुन्हा भोंऽऽऽ झालं.

"नाही? बरं, सहा!"

आता ते कुशीवर वळायला बघू लागले. त्यासरशी भाता मिटला आणि वरच्या पट्टीत एक लांब, कुत्सित, नाकातला सूर निघाला. असा अपमान गादीवाल्याचा अख्ख्या धंद्यात कुणी केला नव्हता.

"साडेसात!" त्याने रुमालाने मान पुसली. "नऊ! मास्तर, आता मात्र अंगाशी येतंय हं!"

हा गोंधळ ऐकून रस्त्यावरून जाणारी एक बाई दारात येऊन थांबली. तिने गादीकडे बघितलं, गादीतून वर आलेल्या दोन बुटांकडे बघितलं आणि विचारलं, "वाजायची गादी आहे का ही?"

"नाही, नाही, साधी आहे, या ना," गादीवाला घाईने म्हणाला. "मग मास्तर, नऊ पक्के?"

भिंतीपासून ड्रमवाला हलला. "पक्के करा," तो म्हणाला. "आकडे सगळे तुम्हीच सांगितलेत आणि भाव ह्या अकॉर्डियनने केला. हा एक शब्द बोलला नाही." मग भिडस्तरावांच्या बाजूला येऊन, वरून वाकून, अजिबात न रागावता तो म्हणाला, "चलतो रे मी."

आणि तो दाराकडे निघाला.

भिडस्तरावांना दोन गुडघ्यांच्या मधून त्याची पाठ दिसत होती. ती लहान लहान होत गेली. त्यांना भीती वाटली, साधी, लहान मुलाला बाजारात हात सुटल्यावर वाटते तशी. आणि बुटांचा, आईचा, शिकवणीचा कशाचाच विचार न करता ते ओरडले, "ड्रमवाल्याचे पाच हजार!"

ड्रमवाला दारात थांबला. बाई बाजूला झाली.

"काय?" गादीवाला म्हणाला.

"ह्या माणसाचे पाच हजार. एकट्याचे. हा नसेल तर मी वाजवणार नाही. मला वाजवताच येत नाही ह्याच्याशिवाय, समजलं? कुठून सुरू करायचं तेच कळत नाही मला! आणि माझ्या मेहुण्याचेही पाच. दात नव्हता तरी उभा राहून फुंकत होता तो!"

भिडस्तराव धापा टाकत होते, आणि त्यांच्याबरोबर अकॉर्डियनही थोडंथोडं टाकत होतं.

"झाले दहा," गादीवाला बोटांवर मोजत म्हणाला. "आणि तुमचे?"

इथे घोडं पुन्हा पेंड खाऊ लागलं. दुसऱ्यांसाठी सुटलेली जीभ स्वतःपाशी आली आणि टाळ्याला चिकटली. कानाच्या पाळ्या तापल्या. "माझं काय हो," ते पुटपुटले, "मी आपला..."

"त्याचे सात," दारातून ड्रमवाला म्हणाला.



"म्हणजे सतरा?" गादीवाल्याचा आवाज चिरकला. "अहो, हळू वाजवायचे सतरा?"

"ते भावाचं मागाहून बघा," दारातली बाई मध्येच म्हणाली. "आधी ह्यांना उठवून दाखवा. मघापासून बघतेय, माणूस आत गेलाय तो वर येत नाहीये. आमच्या ह्यांची कंबर धरते. मी दुसरीकडेच बघते कशी."

"येतो, येतो, वर येतो!" गादीवाला किंचाळला. "सतरा तर सतरा! मास्तर, ठरलं, पण उठा! हसत हसत उठा!"

एका हाताला गादीवाला आणि दुसऱ्या हाताला ड्रमवाला, असं दोघांनी ओढून भिडस्तरावांना भोंऽऽऽ करत उभं केलं. बाईने ती गादी घेतली नाही. शेजारची टणक घेतली.

परतताना दोघं बरोबरीने चालले होते. रस्ता ओलांडायला थांबले तेव्हा भिडस्तरावांनी विचारलं, "गोदामाचं काय?"

"येत नाही म्हणून उद्या कळवतो."

वाहनांची रांग संपत नव्हती. भिडस्तरावांना आणखी काहीतरी विचारायचं होतं आणि ते तोंडातून निघत नव्हतं. दोनदा त्यांनी घसा खाकरला.

"ते माझे सात," ते शेवटी म्हणाले. "तुझ्याहून दोन जास्त. ते तू आपला भाव वाढवायला म्हणालास ना?"

"भाव वाढवायचा असता तर दहा म्हणालो असतो," ड्रमवाला म्हणाला, आणि रस्ता मोकळा झाला तसा त्यांचा हात धरून त्यांना पलीकडे घेऊन गेला.