आबांनी काठी दाराबाहेर ठेवली

मंडळी, आज आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सरकारी दवाखान्यात नेलं होतं. मेंढरांमागे कड्यावरून पडल्यापासून त्यांना काठीशिवाय चालता येत नाही. एक्स-रे, जुन्या चिठ्ठ्या, सगळं मी तारखेप्रमाणे लावलं होतं.

आबांनी चपलांशेजारी काठीही डॉक्टरांच्या खोलीबाहेर ठेवली. आमच्या वाडीत कुणाच्या घरात काठी घेऊन जात नाहीत. मी फाईलची दोरी सोडेपर्यंत ते भिंतीला धरून आत गेलेसुद्धा.

"चालता येतं का, बाबा?" डॉक्टरांनी विचारलं.

"येतं की. मेंढरांमागं सारा जलम गेला."

डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिला. आबांच्या कपाळावर घाम आला.

"दुखतं?"

"वाईच."

डॉक्टरांनी तेवढंच लिहिलं. काठी बाहेर आहे, हे मी सांगेपर्यंत पुढचं नाव पुकारलं होतं.

मी बाहेर येऊन चिडलो. आबा म्हणाले, "परक्या माणसापुढं रडायचं व्हय रं?"

नंतर एसटीत चढताना मी आणि कंडक्टरनं त्यांना उचलून घेतलं.

दाखल्यावर अपंगत्वाचे टक्के कमी लागले तर पेन्शन मिळणार नाही. फेरतपासणी मागता येते का? आणि आबांना तिथं खरं बोलायला कसं लावू?