भाऊबीजेची सर्कस

आम्ही नागपूरचे विणकर. भाऊबीजेला बहिणीच्या ताटात घरच्या मागावरचं लुगडं ठेवायचं आणि तिनं ते नेसूनच सासरी उमरेडला परतायचं, ही आमची रीत. त्या वर्षी मात्र मी ताईला म्हणालो, "लुगडं तर दरसालचंच हाय. यंदा तुले सर्कस दाखवतो."

झुल्यावरची बाई हवेत सुटली तेव्हा ताईनं माझा दंड असा आवळला की नखं रुतली. "माय वं! पडली असती ना गा ते!" घरी येईपर्यंत तिचं तेच चाललं होतं. लग्नानंतर तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला सासरी पोचवायला गेलो. तिच्या अंगावरचं जुनं लुगडं पाहून सासू म्हणाली, "काहून वं, भावाच्या मागाले वाळवी लागली का? काय देलं त्यानं?"

आता ती सर्कशीचं सांगेल म्हणून मी कौतुकानं तिच्याकडे पाहिलं. ताई मान खाली घालून म्हणाली, "काहीच नाही देलं."

मी चहा न घेताच उठलो. परतताना बसमध्ये दंडावरचे वण चोळत राहिलो. सून तंबूत बसून आली, हे त्या घरात सांगण्याजोगं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी ते "काहीच नाही" आजही गिळवत नाही.

पुढच्या भाऊबीजेला मी मुकाट्यानं लुगडं ठेवलं. ओवाळताना तिनं हळूच विचारलं, "यंदा सर्कस नाही आली का गा?"

आली होती. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.