वकिलाने वाढवलेला गणपती

अलाबामातल्या आमच्या गावात इतकं उकडायचं, की तळ्यातले मासे दुपारी पुलाच्या सावलीत नंबर लावून उभे राहायचे. याच तळ्यात २००६ साली आम्हाला गणपती विसर्जन करायचं होतं. मूर्ती शाडूची, वीतभर. भक्त डझनभर, सगळे व्हिसावरचे. मतदानाचा हक्क एकट्या डॉक्टरकाकांना. काका फार पूर्वी इथे आलेले आणि निम्म्या गावाची पित्ताशयं काढून बसलेले.

गावाच्या बोर्डाने परवानगी नाकारली. काका एका वकिलाला घेऊन आले. त्याचंही पित्ताशय काकांनीच काढलं होतं. हा असा गोडबोल्या, की कुत्रा चावल्याच्या एका खटल्यात फिर्यादीने शेवटी कुत्र्याची माफी मागितली म्हणे. त्या वर्षी तो खासदारकीला उभा होता.

बोर्डापुढे तो म्हणाला, "आपलं चर्च याच तळ्यात माणसांना बुडवून पावन करतं. यांचा देव तर स्वतःच बुडायला तयार आहे. इतक्या नम्र देवाला आपण नाही म्हणायचं?"

परवानगी मिळाली, विसर्जन झालं. आणि पुढच्याच आठवड्यात विरोधकाची जाहिरात टीव्हीवर आली: काळंकुट्ट तळं, मागे रडकं संगीत, हा माणूस तुमच्या पाण्यात मूर्ती बुडवतो. वकिलाची मतं भराभर गळायला लागली. आपण एका भल्या माणसाचं करिअर बुडवलं, म्हणून काकांचं जेवण सुटलं. मूर्ती वीतभर होती, विरघळली, एवढं खरं सांगून टाका, असं मी वकिलाला सुचवलं.

"खरं सांगून अलाबामात कोण निवडून आलंय?" तो म्हणाला.

चर्चच्या जेवणात तो कोंबडीची तंगडी हातात घेऊन उभा राहिला. म्हणाला, तो देव खेचराएवढा, डोकं हत्तीचं. उचलताना बारा गडी गुडघ्यांवर आले. पाण्यात सोडला तेव्हा तळं हातभर वर चढलं. ऐन दुष्काळात तळं भरून देणाऱ्याला मी कोणत्या तोंडाने अडवू? मूर्ती मी स्वतः स्टीलच्या ताटलीत, एका हाताने नेली होती, तरी माझे खांदे दुखायला लागले.

पाद्रीबुवा काकांकडे वळले. "डॉक्टर, खरंच इतका जड होता?"

काकांनी जन्मात कधी रक्तदाबाचा आकडासुद्धा कमीजास्त सांगितला नव्हता. त्यांनी ताटातल्या कोबीकडे पाहिलं, मग वकिलाकडे.

"माझी कंबर अजून धरलेली आहे," काका म्हणाले.

छप्पर उडेल असं हसू फुटलं. नोव्हेंबरात वकील निवडून आला आणि वॉशिंग्टनला गेला. तिथल्या भाषणांत म्हणे बारा गड्यांची जागा दोन ट्रकांनी घेतली.

पुढच्या वर्षी आम्ही तळ्यावर पोचलो, तर सगळं गाव घडीच्या खुर्च्या टाकून बसलेलं. मी डिकीतून ताटली काढली. पहिल्या रांगेतल्या आजीबाईंनी चष्मा पुसून वीतभर मूर्तीकडे पाहिलं आणि ट्रक किती वाजता येणार, असं विचारलं. मी काकांकडे पाहिलं.

काका शांतपणे म्हणाले, "यंदा पिल्लू आलंय. मोठा वॉशिंग्टनला असतो."