चित्रातला मजकूर उपसणारे मामा

आमच्या अख्ख्या मुळशी तालुक्यात चित्रातलं अक्षर अन् अक्षर वाचणारा माणूस एकच आहे, आणि त्याला दिसत नाही. हे माझ्या आत्याचे मालक. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणतो. काचबिंदूने त्यांचा एक डोळा पुरता नेला आणि दुसऱ्यात उजेड-अंधार कळण्यापुरतं ठेवलं. तरी ते आत्याबरोबर रोज मेंढ्यांमागे गायरानावर जातात आणि कोणती मेंढी मागे राहिली हे घंटेवरून सांगतात. अडचण मेंढ्यांची नाही, गावाची आहे. मामांचा मोबाइल आलेली अक्षरं मोठ्याने वाचून दाखवतो, पण चित्र आलं की 'चित्र' एवढंच बोलून गप्प बसतो. आणि गावात हल्ली कुणी अक्षरं पाठवतच नाही. बारसं, साखरपुडा, दहावा, पाण्याची पाळी, लाइट कधी जाणार, सगळं चित्रात, कडेने झेंडूच्या माळा लावून. पूर्वी दवंडी होती. ती ऐकायला डोळे लागत नव्हते, शाळाही लागत नव्हती. दवंडी बंद करून आपण चित्रं आणली आणि त्याला प्रगती म्हणालो.

म्हणून मी मामांना ब्राउझरमध्ये उघडणारं एक पान लावून दिलं. त्यात चित्र टाकलं की आतला मजकूर अक्षरं होऊन बाहेर येतो आणि मोबाइल तो वाचतो. मामांनी पहिला प्रश्न विचारला, चित्र जातं कुठं? मी म्हणालो, कुठं नाही, सगळं काम तुमच्याच मोबाइलात होतं. त्यांचा विश्वास बसला नाही. पान उघडून झाल्यावर त्यांनी मला नेट बंद करायला लावलं, तरीही मजकूर आला, तेव्हा कुठे ते खूश झाले. "म्हंजी दळण आपल्याच जात्यात," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी काय काय दळलं याला सुमार नाही. खताची पोती, बिस्किटाचे पुडे, औषधाच्या बाटल्या, मारुंजीत टेम्पोंच्या मागे लिहिलेले उपदेश, भाड्याच्या खोल्यांच्या पाट्या. एका मेंढीच्या पाठीवर खुणेसाठी लावलेला रंगसुद्धा त्यांनी यंत्राला वाचायला दिला, आणि यंत्राने त्यातून एक 'ळ' काढला, तेव्हापासून ती मेंढी शिकलेली समजली जाते. जांबे गावातल्या एका लग्नात तर जेवणाची पंगत बसलेली असताना हे मांडवाच्या तोंडाशी उभे राहून फ्लेक्सचा मजकूर उपसत होते. शेवटी भर मांडवात त्यांनी जाहीर केलं, की ह्याच्यावर समदे पुढारी हायेत, नवरीचं नाव कुटंच न्हाई. नवरीच्या बापाने मान खाली घातली. नवरी मात्र हसली, असं आत्या सांगते.

या कामात आत्या त्यांची भागीदार. मामांना दिसत नाही आणि आत्याला वाचता येत नाही, त्यामुळे दोघं मिळून एक वाचक होतात. माळा, फुगे, हात जोडलेले फोटो आत राहिले तर यंत्र भलतंसलतं बरळतं. "अंगात आलंय त्याच्या," असं मामा म्हणतात. मग आत्या लोकर कातरावी तशी चित्राची कड बोटाने कापत जाते आणि नुसती अक्षरं उरली की पुन्हा यंत्रात घालते. वाचून दाखवणारा आवाज बाईचा आहे. आत्याचं गाऱ्हाणं त्याच्याबद्दलच असतं. "मी बोलले तर ऐकू येत न्हाई, अन् ही बया बोलली की ह्यांचं कान उभं राहत्यात."

गेल्या वर्षी गावाच्या ग्रुपवर असंच एक चित्र आलं. वर हात जोडलेले सरपंच, दोन्ही कोपऱ्यांत फुगे, खाली बारीक मजकूर. गावात वाढदिवसाची चित्रं करणारा पोरगाच पंचायतीचीही चित्रं करतो, आणि त्याच्याकडे साचा एकच आहे. गावाने सवयीने केक पाठवले. संध्याकाळपर्यंत शुभेच्छांचा ढीग लागला. तिकडे आत्या फुगे कापत होती. चौथ्या-पाचव्या खेपेला बयेचा आवाज निघाला: ग्रामसभा, विषय, गायरानातली जागा नव्या गृहप्रकल्पाचा रस्ता आणि वाहनतळ यांसाठी देण्यास ना-हरकत. मामांनी ते तीनदा ऐकलं आणि काठी घेऊन दारोदार निघाले. लोक त्यांची समजूत घालायचे, अहो मामा, वाढदिवस हाय तो. मामा म्हणायचे, त्याचा वाढदिवस शिमग्यात असतो, म्या त्याला कडंवर खेळवलाय. लोक हसायचे आणि चहा द्यायचे. मी घरी येऊन ग्रुपवर साध्या अक्षरांत एक जळजळीत पत्रक लिहिलं. माझे वडील पत्रकं वाटायचे, मी त्यांच्या घड्या घालत वाढलो, तेव्हा ते लांबलं. 'अधिक वाचा' या दोन शब्दांपाशी माझी क्रांती संपली. त्याखाली कुणीतरी उशिराचा एक केक टाकला.

ग्रामसभेला देवळात मोजकी डोकी होती. मामा उभे राहिले आणि त्यांनी मोबाइल वर धरून बयेला बोलायला लावलं. ग्रामसेवक शांतपणे म्हणाले, मामा, सूचना आम्हीच काढलीय, आम्हालाच काय ऐकवताय? मामा म्हणाले, "तुमाला न्हाई, गावाला ऐकवतोय." गाव तिथं नव्हतं. कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाली. परतताना मी मामांना विजयाचा अर्थ समजावत होतो, आणि ते काठीने रस्ता चाचपत ऐकत होते. तहकूब झालेल्या सभेला कोरम लागत नाही, हे मला ठराव झाल्यावर कळलं. ज्या गावाला वाचायचं नाही त्याच्यापुढे लिहीत राहणं हे काय काम आहे, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे, आणि तो सुटेल असं वाटत नाही.

यंदा खांब आले, मग तार आली. शेवटची बाजू बंद होण्याआधी मामांनी मला टेकाडावर उभं करून गायरानाचा फोटो काढायला लावला. वाळलेलं गवत, एक बाभळ आणि लांबवर हिंजवडीच्या इमारती, एवढंच त्यात आलं. तो फोटो त्यांनी नेहमीच्या पानात घातला. मी म्हणालो, मामा, ह्यात नुसतं गवत आहे. त्यांनी मोबाइल कानाशी धरला. थोड्या वेळाने बया बोलली, "मजकूर आढळला नाही."

"न्हाईच आढळायचा," मामा म्हणाले. "कुणाचंच नाव लिवल्यालं नव्हतं, म्हनून तर समद्यांचं हुतं."

त्यांनी मोबाइल बंडीच्या खिशात ठेवला. मेंढ्या सवयीने पुढे जाऊन तारेला नाकं लावून उभ्या होत्या. आत्याने त्यांना हाक मारून वळवलं, आणि घंटांचा आवाज ज्या बाजूला फिरला त्या बाजूला मामा सावकाश वळले. मी हात पुढे केला होता, तो त्यांना दिसला नाही.