धावपट्टीवरचं दुसरं विमान

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. मुलुंडला आमच्या बिल्डिंगच्या दारात कोणी लिंबू-मिरच्या टाकल्या तर मी त्या पायाने बाजूला सारून ऑफिसला जायचे. आणि विमान चालवायला शिकताना तर पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट डोक्यात भरतात — तुला काय वाटतं ते सोड, समोरचे काटे काय सांगतात ते बघ. तरी हे लिहितेय... कारण हे एकट्या माझ्या बाबतीत झालं असतं तर मी डोळे तपासून गप्प बसले असते.

ज्या फ्लाइंग क्लबमध्ये शिकले त्याचं नाव लिहीत नाही, तो अजून चालू आहे. मुंबईहून गाडीने काही तासांवर एक छोटी धावपट्टी, दोन्ही बाजूंना सुकं गवत, एका टोकाला पत्र्याची शेड. माझ्या बॅचला एल्टन होता. मनोरीचा, ईस्ट इंडियन ख्रिश्चन, वडील अजून होडी घेऊन समुद्रात जाणारे. मुंबईचे आम्ही दोघंच, म्हणून गट्टी जमली. शिकवायला सावंत सर. कमी बोलायचे, आणि बोलले की ऐकावंच लागायचं.

मार्चमधली स्वच्छ सकाळ होती. क्लबचं एक विमान दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेलं, त्यामुळे चालू असलेलं एकच... दोन सीटांचं, पांढरं, लाल शेपटीचं. मी डावीकडे, सर उजवीकडे. लँडिंगची प्रॅक्टिस चालली होती, म्हणजे उडायचं, फेरी मारायची, परत उतरायचं. दोन-तीन लँडिंग मस्त झाली. मग पुन्हा धावपट्टीच्या रेषेत आले. वेग बरोबर, उंची बरोबर... आणि मला ते दिसलं.

धावपट्टीच्या मध्यावर एक विमान पडलं होतं. नाक जमिनीत, शेपटी वर, डावं दार उघडं लटकत होतं.

"गो-अराउंड!" मी ओरडले आणि पूर्ण पॉवर दिली. उतरणं मध्येच सोडून पुन्हा वर जायचं, त्याला गो-अराउंड म्हणतात. जराही शंका आली की हेच करायचं, हे आमच्याकडून घोटून घेतलेलं. आम्ही त्या विमानाच्या अगदी डोक्यावरून गेलो. मी खाली पाहिलं. काचेआड कोणीतरी होतं... त्याचा हात हलत होता.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"सर, रनवेवर विमान पडलंय!"

"कुठलं विमान?"

"आपलंच. लाल शेपटीचं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "तन्वी, आपल्या विमानात तर आपण बसलोय."

पुढच्या फेरीला धावपट्टी मोकळी होती. मी उतरवलं. सरांनी माझं उडणं तिथेच थांबवलं. "ऊन आहे, पाणी कमी प्यायलीस. होतं असं," ते म्हणाले. "पण एल्टनला एक शब्द बोलू नकोस. तो आता सोलो जाणार आहे, एकटाच, त्याच्या डोक्यात काही भरवू नकोस."

एल्टन हेडसेट गळ्यात अडकवून आला. "काय गं, झापलं का सरांनी?"

"नाही रे. जपून जा."

"टेन्शन नको घेऊस यार. पिसासारखं टेकवतो बघ!"

पहिलं लँडिंग त्याने खरंच पिसासारखं टेकवलं. दुसऱ्याला मात्र तो उंच राहिला, वेगही जास्त. लँडिंग वरूनच सोडून द्यायला हवं होतं, पण त्याने नाक खाली दाबलं. पुढचं चाक आधी आपटलं आणि विमान चेंडूसारखं उसळलं. शेडजवळून सर रेडिओवर ओरडले, "गो-अराउंड, एल्टन! पॉवर!"

त्याने पॉवर दिली. इंजिनाचा आवाज चढलेला मी स्वतः ऐकला. आणि मग तो आवाज एकदम बंद पडल्यासारखा खाली आला. विमान हवेत क्षणभर लटकलं आणि नाकावर कोसळलं.

शेपटी वर. डावं दार उघडं.

मी धावत होते, तेव्हा काचेवर त्याचा हात हलताना दिसला. सर माझ्या पुढे होते. मध्येच थांबून त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरू शकत नाही.

एल्टन वाचला. पण कंबरेखाली जीव उरला नाही. चौकशीत वैमानिकाची चूक ठरली — गो-अराउंड सुरू करून मध्येच सोडला, पॉवर काढली. असं कोणी का करेल, हे कोणालाच कळेना. तो स्वतः बरेच दिवस बोलत नव्हता.

अंधेरीच्या हॉस्पिटलमध्ये एका दुपारी त्याची आई खाली चहाला गेली, तेव्हा तो मला म्हणाला, "माझ्या डोक्यावरून कोण गेलं गं?"

"कधी?"

"मी पॉवर दिली तेव्हा. बरोब्बर वरून एक विमान गेलं. पोट दिसलं मला, पोटावरचा तेलाचा ओघळसुद्धा. वर गेलो असतो तर त्याला धडकलो असतो. म्हणून पॉवर काढली."

"एल्टन, हवेत तुझ्याशिवाय कोणीच नव्हतं."

"माहितीये. सगळे तेच सांगतात."

मला त्याच्यापुढे बसवेना. मी बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले.

सरांनी त्याला काही सांगितलं नव्हतं, मीही नाही. सांगायला मला बरेच महिने लागले. मार्व्याहून फेरीबोटीने मनोरीला गेले. तो ओटीवर व्हीलचेअरमध्ये बसला होता. मी सगळं सांगितलं... लाल शेपटी, दार, त्याच्या डोक्यावरून गेलेलं आमचं विमान. तो म्हणाला, "म्हणजे तू मला आत बघितलंस?"

"हो."

"जिवंत होतो?"

"हो रे. हात हलत होता."

त्याने मान हलवली. "आईला नको सांगूस," एवढंच म्हणाला.

मी उडणं सोडलंय. सरांना एकदा फोन केला, तर ते म्हणाले, तू पाहिलंस ते भर उन्हातलं मृगजळ, आणि त्याने पाहिलं तो डोक्याला मार लागल्यावरचा भास. असेलही. पण त्याचं पडलेलं विमान दिसलं म्हणून मी वर गेले, आणि मी वर गेलेली दिसले म्हणून तो पडला. त्या सकाळी मी काहीच न बघता सरळ उतरले असते, तर?

विचारायला कोणीच नाही.